‘किती?’ विचारणारा संख्याशास्त्रज्ञ

१९९४ च्या डिसेंबरमध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात एक लेख छापून आला. मथळा होता ‘पृथ्वी गोल आहे’, आणि त्याला शेपूट जोडलं होतं ‘पी < ०.०५’ असं. मानसशास्त्रात पीएचडी करणारा कोणीही हे शेपूट झोपेतही ओळखेल. निष्कर्ष ‘सिग्निफिकंट’ आहे, म्हणजे छापण्याच्या लायकीचा आहे, असं सांगणारा हा शिक्का. पृथ्वीच्या गोलपणावरही तो उमटवून लेखकाने आपल्याच व्यवसायाची टोपी उडवली होती. या पद्धतीला ‘स्टॅटिस्टिकल हायपोथिसिस इन्फरन्स टेस्टिंग’ म्हणण्याचा मोह आपण आवरला, असंही त्याने लेखात सांगून टाकलं. या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की मोह का आवरावा लागला ते कळतं.

लेखकाचं नाव जेकब कोहेन, वय ७१, न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं नाव सामान्य वाचकाच्या कानावर आलेलं नसतं. पण डॉक्टर, शिक्षणतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकुरावर खुणा करून घेणाऱ्या कंपन्यांमधले अभियंतेसुद्धा रोज त्यांची सूत्रं वापरतात. ‘कोहेन्स डी’ आणि ‘कोहेन्स कॅपा’ ही दोन नावं संशोधनाच्या जगात इतकी रुळली आहेत की त्यांच्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता हे लोक विसरून जातात.

हा माणूस ज्या शाखेत वावरला तिला क्वांटिटेटिव्ह सायकॉलॉजी म्हणतात. मनाच्या गोष्टी मोजायच्या कशा, आणि मोजल्यावर त्या आकड्यांवरून काय म्हणायचं व काय म्हणायचं नाही, हे ठरवणारी ही शाखा. तिच्यात लोक बहुतेक आडवाटेनेच आले. बुद्धीच्या मोजमापाचा पाया घालणारे चार्ल्स स्पिअरमन आधी ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. शिकागोचे लुई थर्स्टन शिकलेले इंजिनिअर. काही काळ त्यांनी थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. पुढे १९३५ मध्ये सायकोमेट्रिक सोसायटी उभी राहिली ती थर्स्टन यांच्याच पुढाकाराने. कोहेनही गणिताच्या दारातून आले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९२३ साली जन्म, पंधराव्या वर्षी सिटी कॉलेजात प्रवेश, आणि १९५० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट. तीही क्लिनिकल सायकॉलॉजीत, म्हणजे रुग्णांशी थेट संबंध असलेल्या शाखेत. प्रबंध होता वेक्सलर-बेलव्ह्यू या बुद्धिमापन चाचणीवर मनोरुग्णांनी मिळवलेल्या गुणांमागचे घटक शोधण्याचा. आकड्यांची गोडी लागली ती रुग्णांच्या निमित्ताने, आणि त्यांच्या पुढच्या कामावर याची खूण शेवटपर्यंत राहिली.

कोहेन शिकत होते तेव्हा संशोधकांत एक अलिखित नियम रूढ होता: प्रत्येक गटात तीस माणसं घ्या, काम भागतं. का तीस? कोणी नीट सांगत नसे. तीस म्हणजे ‘मोठा नमुना’ अशी समजूत होती. कोहेन यांनी पुढे हिशेब मांडून पाहिला. दोन गटांत खरोखरच मध्यम आकाराचा फरक आहे असं धरलं, आणि प्रत्येक गटात तीस माणसं घेतली, तर तो फरक चाचणीत ‘सिग्निफिकंट’ म्हणून पकडला जाण्याची शक्यता सत्तेचाळीस टक्के निघते. याचा अर्थ असा की उपचार खरोखर उपयोगी असला तरी तो उपयोगी आहे हे सिद्ध होईल की नाही, हे नाणं उडवून ठरवल्यासारखंच. त्यासाठी वर्षभर राबायचं, माणसं गोळा करायची, चाचण्या घ्यायच्या.

खरा फरक पकडण्याच्या या क्षमतेला संख्याशास्त्रात ‘पॉवर’ म्हणतात. ही कल्पना कोहेन यांची नव्हे. पोलिश गणिती येर्झी नेमन आणि लंडनचे इगॉन पिअर्सन यांनी ती १९३० च्या आसपास मांडली. पण मानसशास्त्रज्ञांनी नेमन-पिअर्सन यांच्याकडून अर्धीच गोष्ट उचलली. १९२५ च्या पुस्तकामुळे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा ०.०५ हा आकडा सर्वांच्या तोंडी बसला होता. नसलेला फरक आहे असं म्हणण्याची चूक शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा होऊ नये, यासाठी सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले असत. असलेला फरक हातातून निसटण्याची चूक किती वेळा होते, हे मात्र कोणी मोजतच नव्हतं.

कोहेन यांनी ते मोजलं. ‘जर्नल ऑफ ॲबनॉर्मल अँड सोशल सायकॉलॉजी’ या प्रतिष्ठित नियतकालिकाचा १९६० चा एक खंड घेतला, त्यातले सत्तर शोधनिबंध एकेक करून तपासले, आणि प्रत्येकाची पॉवर काढली. १९६२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. लहान परिणाम शोधण्याची सरासरी पॉवर अठरा टक्के. मध्यम परिणाम असेल तर अठ्ठेचाळीस टक्के. फक्त ढळढळीत मोठा परिणाम असेल तरच ती त्र्याऐंशी टक्क्यांवर जात होती. अमेरिकेतले नावाजलेले मानसशास्त्रज्ञ इतकी मोठी भोकं असलेली जाळी घेऊन मासेमारी करत होते, आणि मासा लागला नाही की ‘या पाण्यात मासे नाहीत’ असं लिहून मोकळे होत होते.

या निबंधाने खळबळ माजायला हवी होती. माजली नाही. शैक्षणिक जगात अप्रिय हिशेबाला विरोध करण्याचा त्रास फारसा कोणी घेत नाही. त्याचा संदर्भ द्यायचा आणि पुढे जायचं, एवढं पुरतं.

कोहेन यांनी मग दुसरा मार्ग धरला. लोक गणित करत नाहीत ना, तर आपणच ते करून देऊ. १९६९ मध्ये त्यांचं ‘स्टॅटिस्टिकल पॉवर ॲनालिसिस फॉर द बिहेविअरल सायन्सेस’ हे पुस्तक आलं. त्यात पानामागून पानं तक्त्यांची. संगणक विद्यापीठाच्या तळघरात असायचा आणि त्याच्यासाठी नंबर लावावा लागे, अशा काळात संशोधकाने फक्त योग्य ओळ आणि स्तंभ शोधायचा आणि किती माणसं लागतील ते वाचायचं. दोन गटांची तुलना असेल, परिणाम मध्यम असेल आणि पॉवर ऐंशी टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात चौसष्ट माणसं लागतात. परिणाम लहान असेल तर तीनशे त्र्याण्णव. मोठा असेल तर सव्वीस पुरतात. ऐंशी टक्के हा आकडाही कोहेन यांनीच सुचवला. नसलेलं आहे म्हणणं हे असलेलं निसटण्यापेक्षा साधारण चौपट गंभीर मानायचं, तर पहिल्या चुकीला पाच टक्के आणि दुसरीला वीस टक्के मोकळीक द्यावी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पण तक्ता वापरायचा तर एका प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागतं: परिणाम किती मोठा असेल असं वाटतं? मानसशास्त्रज्ञांना हा प्रश्नच अनोळखी होता. फरक ‘आहे की नाही’ एवढंच विचारायची सवय. फरक ‘किती’ हे कोणी विचारत नव्हतं. कोहेन यांनी त्यासाठी मोजपट्टी दिली. दोन गटांच्या सरासरींतला फरक घ्या आणि त्याला गटातल्या नेहमीच्या चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने भागा. आलेला आकडा म्हणजे ‘डी’. ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. नुसत्या आकड्यांनी कोणाला काय कळणार, म्हणून त्यांनी उंचीची उदाहरणं दिली. पंधरा आणि सोळा वर्षांच्या मुलींच्या उंचीत जेवढा फरक असतो तो लहान. चौदा आणि अठरा वर्षांच्या मुलींमधला मध्यम. लक्ष देऊन पाहणाऱ्याला तो नुसत्या डोळ्यांनी दिसावा. तेरा आणि अठरा वर्षांच्या मुलींमधला मोठा, चष्मा घरी विसरला तरी दिसेल असा.

हे आकडे आभाळातून पडलेले नव्हते. १९६२ च्या निबंधात कोहेन यांनी लहान आणि मोठ्यासाठी ०.२५ आणि १ असे वेगळेच आकडे धरले होते. पुस्तकात ते बदलले. म्हणजे ही सोयीसाठी आखलेली रेषा होती, आणि तशी ती आहे हे त्यांनी बजावूनही सांगितलं होतं.

‘लहान’ म्हणजे बिनमहत्त्वाचा असाही त्यांचा अर्थ नव्हता. अमेरिकेत बावीस हजारांवर डॉक्टरांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात निम्म्यांना ॲस्पिरिन आणि निम्म्यांना साखरेची गोळी दिली गेली. ॲस्पिरिनच्या गटात एकशे चार जणांना हृदयविकाराचा झटका आला, दुसऱ्या गटात एकशे एकोणनव्वद जणांना. सहसंबंधाच्या मोजपट्टीवर हा संबंध जेमतेम ०.०३ भरतो, ‘लहान’ म्हणायलाही तो पात्र नाही. तरी प्रयोगातला ॲस्पिरिनचा भाग १९८८ मध्ये मुदतीआधीच थांबवला गेला, कारण एवढा फायदा दिसत असताना निम्म्या डॉक्टरांना त्यापासून दूर ठेवणं योग्य नव्हतं. उलट उदाहरण कोहेन यांनी स्वतः रंगवून सांगितलं. चौदा हजार मुलांच्या अभ्यासातून उंची आणि बुद्ध्यंक यांचा संबंध ‘सिद्ध’ झाल्याची बातमी वृत्तपत्रात आली होती. आता, चौदा हजारांच्या नमुन्यात ०.०३ पेक्षाही कमी सहसंबंध अत्यंत ‘सिग्निफिकंट’ ठरतो. कोहेन यांनी कागदावर मांडून दाखवलं की अशा किमान सहसंबंधाच्या भरवशावर एखाद्या मुलाचा बुद्ध्यंक शंभरावरून एकशे तीसवर न्यायचा, तर त्याची उंची चौदा फुटांनी वाढवावी लागेल. त्या अभ्यासात प्रत्यक्ष सापडलेला संबंध थोडा बरा होता; त्या हिशेबाने साडेतीन फुटांत भागलं असतं. ‘सिग्निफिकंट’ या शब्दाचा आणि ‘महत्त्वाचा’ या अर्थाचा संबंध किती पातळ आहे, हे इतक्या गमतीने दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितलं असेल.

पॉवरपेक्षाही जास्त पसरलं ते त्यांचं दुसरं काम, आणि तेही रुग्णालयाच्या वातावरणातूनच आलेलं. दोन मनोविकारतज्ज्ञ त्याच शंभर रुग्णांना तपासतात. दोघांचं नव्वद रुग्णांवर एकमत होतं. नव्वद टक्के! कोणीही खूश होईल. कोहेन खूश झाले नसते. समजा दोघांनीही शंभरांपैकी दहा-दहा जणांनाच आजार आहे असं म्हटलं. मग दोघांनी डोळे मिटून, चिठ्ठ्या टाकून निदान केलं असतं तरी ब्याऐंशी रुग्णांवर त्यांचं आपोआप जमलं असतं, कारण बहुसंख्यांना दोघंही ‘निरोगी’च म्हणणार. योगायोगापलीकडे जमू शकणारे उरले अठरा, आणि त्यांतले जमले फक्त आठ. आठ भागिले अठरा म्हणजे ०.४४. नव्वद टक्क्यांचा फुगा एवढ्यावर येतो. योगायोग वजा करून उरलेलं हे एकमत म्हणजे ‘कॅपा’. कोहेन यांनी ते १९६० मध्ये दहा पानांच्या निबंधात मांडलं. काही मतभेद इतरांपेक्षा जास्त गंभीर असतात हे धरून १९६८ मध्ये त्याची ‘वेटेड’ आवृत्ती दिली.

अमेरिकी मनोविकारशास्त्राला या सूत्राने घाम फोडला. रॉबर्ट स्पिट्झर आणि जोसेफ फ्लाइस यांनी १९७४ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांतल्या निदानांना कॅपाची कसोटी लावली, आणि बहुतेक आजारांवर तज्ज्ञांचं एकमत निराशाजनक निघालं. हेच स्पिट्झर पुढे डीएसएम-३ या निदान-नियमावलीचे मुख्य शिल्पकार झाले. १९८० च्या त्या नियमावलीत लक्षणांच्या याद्या आल्या, इतकी लक्षणं इतके दिवस हवीत अशा अटी आल्या, आणि प्रत्यक्ष चाचणीतले कॅपा आकडेही दिले गेले. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या पिढ्या ज्या पद्धतीचं निदान शिकल्या, तिच्यामागे हा हिशेब आहे. आज यंत्राला शिकवण्यासाठी हजारो वाक्यांवर ‘राग’, ‘आनंद’, ‘द्वेष’ अशा खुणा माणसांकडून करून घेतात, तेव्हा दोन माणसांनी एकाच वाक्यावर सारखीच खूण केली का, हे तपासायलाही तोच कॅपा लागतो.

कोहेन यांच्या आयुष्यात एक सहकारी कायमची होती: पत्नी पॅट्रिशिया कोहेन, स्वतः कोलंबिया विद्यापीठात मानसिक आजारांच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधक. दोघांनी मिळून १९७५ मध्ये लिहिलेलं बहुचल समाश्रयणावरचं, म्हणजे मल्टिपल रिग्रेशनवरचं पुस्तक हे वर्तनशास्त्रात या विषयाचं प्रमाण पाठ्यपुस्तक मानलं गेलं. त्याआधी १९६८ मध्ये कोहेन यांनी दाखवून दिलं होतं की मानसशास्त्रज्ञ ज्याची पूजा करतात ते प्रचरण विश्लेषण (‘अनोव्हा’) म्हणजे रिग्रेशनचंच एक रूप. मग चलांना जबरदस्तीने ‘जास्त’ आणि ‘कमी’ अशा दोन खान्यांत कोंबायचं कारण काय? १९८३ मध्ये त्यांनी अशा कोंबण्याची किंमतही काढली. एखादं मोजमाप मधोमध चिरून दोन गट केले, तर एक तृतीयांशाहून अधिक माणसं अभ्यासातून बाहेर काढून टाकल्याइतकी माहिती वाया जाते.

या जोडप्याचा १९८४ चा एक निबंध मात्र सर्वांत वाचनीय आहे: ‘द क्लिनिशिअन्स इल्यूजन’, चिकित्सकाचा भ्रम. स्किझोफ्रेनिया किंवा दारूचं व्यसन यांबद्दल रुग्णालयातले डॉक्टर नेहमी अभ्यासकांपेक्षा निराश का असतात, हा त्यांचा प्रश्न. समजा एका वॉर्डात दर महिन्याला एक नवा रुग्ण येतो, महिनाभर राहतो आणि बरा होऊन घरी जातो. याशिवाय एक जण वर्षभर तिथेच आहे. वर्षाअखेरीस वॉर्डात आलेल्या तेरा जणांपैकी बारा बरे झाले. पण कुठल्याही दिवशी राउंडला जाणाऱ्या डॉक्टरांना दोनच खाटा भरलेल्या दिसतात, आणि त्यांतली एक नेहमी त्याच माणसाची. त्यांच्या डोळ्यांना निम्मे रुग्ण असाध्य दिसतात. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. त्यांना जे दिसतं तेच सांगतात. फक्त जो जास्त दिवस आजारी, तो जास्त वेळा दिसतो. शाळेतल्या शिक्षकांनी, पोलिसांनी, कुटुंब न्यायालयातल्या वकिलांनीही हा निबंध एकदा वाचायला हरकत नाही.

विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञाची कारकीर्द बाहेरून फारशी नेत्रदीपक दिसत नाही. स्वतःची प्रयोगशाळा क्वचितच. बराचसा वेळ दुसऱ्यांच्या आकड्यांबरोबर जातो. सहकारी प्रयोग संपवून गठ्ठा घेऊन येतात, तेव्हा उशीर झालेला असतो, आणि त्यांना सल्ला नको असतो, पी-व्हॅल्यू हवी असते. ‘आतापर्यंत मी काय शिकलो’ अशा अर्थाच्या १९९० च्या लेखात कोहेन यांनी या अनुभवाचा अर्क उतरवला. नमुना सोडला तर बाकी सगळं कमी असलेलं बरं, हा त्यांचा एक मुद्दा. दहा कारणं आणि सहा परिणाम मोजले की साठ संबंध तपासावे लागतात. त्यांत खरं काहीच नसलं तरी पाच टक्क्यांच्या नियमाने तीन ‘शोध’ आपसूक लागतात, आणि त्या तिन्हींवर निबंध लिहायला माणसं तयारच असतात.

दरम्यान त्यांच्या मूळ तक्रारीचं काय झालं, हे पीटर झेडलमायर आणि गेर्ड गिगेरेंत्सर यांनी तपासलं. कोहेन यांनी तपासलेल्या नियतकालिकाच्याच वारसदाराचा १९८४ चा खंड त्यांनी घेतला आणि तसाच हिशेब केला. मध्यम परिणाम पकडण्याच्या पॉवरचं मध्यक (सरासरी नव्हे) पूर्वी शेहेचाळीस टक्के होतं. चोवीस वर्षांनी ते चव्वेचाळीसवर आलं होतं. पुस्तक निघालं, संदर्भ दिले गेले, आवृत्त्या खपल्या, आणि आकडा खाली गेला. १९८९ चा हा निबंध कोहेन यांनी वाचला, त्यावर लिहिलंही. १९९४ च्या लेखातला तिखटपणा कुठून आला हे समजण्यासारखं आहे.

त्या लेखात एक तर्क आहे. एखादा माणूस अमेरिकन असेल तर तो बहुधा अमेरिकी काँग्रेसचा सदस्य नसतो. हा माणूस काँग्रेसचा सदस्य आहे. म्हणून तो बहुधा अमेरिकन नाही. हसू येतं, पण ‘फरक शून्य असता तर हे आकडे दुर्मीळ ठरले असते, आकडे समोर आहेत, म्हणून फरक शून्य असणं दुर्मीळ’ या संशोधकांच्या रोजच्या तर्काची बांधणी हुबेहूब तशीच आहे. दुसरं उदाहरण स्किझोफ्रेनियाच्या चाचणीचं. समाजात दोन टक्के लोकांना आजार आहे. चाचणी शंभर आजाऱ्यांतले पंच्याण्णव पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या सत्त्याण्णवांना बरोबर सोडून देते. चाचणी उत्तमच म्हणायची. पण हजार लोकांना ती लावली, तर पकडल्या जाणाऱ्या सुमारे एकोणपन्नासांपैकी तीस जण पूर्ण निरोगी असतात. कोविडच्या काळात मराठी वर्तमानपत्रांनी आणि व्हॉट्सॲपवरच्या डॉक्टर मंडळींनी याच गणितावर किती घोळ घातला, ते आठवून पाहावं.

कोहेन एकटे नव्हते. मिनेसोटाचे पॉल मील १९६७ पासून हीच आग पाखडत होते. १९९६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने संख्याशास्त्रीय निष्कर्षांवर एक कार्यगट नेमला. रॉबर्ट रोझेन्थाल आणि रॉबर्ट एबेल्सन यांच्याबरोबर कोहेन त्याचे सहअध्यक्ष होते. १९९८ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं. कार्यगटाचा अहवाल १९९९ मध्ये आला, आणि मुख्य निष्कर्षाबरोबर परिणामाचा आकार द्यावाच, अशी शिफारस त्यात होती. २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या ब्रायन नोझेक यांच्या पुढाकाराने शंभर मानसशास्त्रीय प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ प्रयोगांपैकी सत्त्याण्णव टक्के ‘सिग्निफिकंट’ होते; पुन्हा केल्यावर छत्तीस टक्केच तसे निघाले, आणि परिणामांचा आकार सरासरी निम्म्यावर आला. अपुरी पॉवर हे त्यामागचं एकमेव कारण नसलं, तरी जुनं आणि आधीच सांगून ठेवलेलं कारण तेच.

या शाखेचं शिक्षणही मागेच राहिलं होतं. लिओना एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पीएचडी विभागांची पाहणी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. वीस वर्षांत संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम फारसा पुढे सरकलाच नाही, असं त्यात दिसलं. याच एकेन पुढे स्टीफन वेस्ट यांच्याबरोबर कोहेन दांपत्याच्या पुस्तकाच्या सहलेखिका झाल्या. २००३ ची तिसरी आवृत्ती चौघांच्या नावावर आहे, जेकब यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

तक्ते आता कोणी उघडत नाही. जर्मनीत तयार झालेलं ‘जी-पॉवर’ हे फुकट सॉफ्टवेअर पुण्या-मुंबईतल्या वैद्यकीय आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर असतं, कारण प्रबंधाच्या आराखड्यात ‘सॅम्पल साइज’ कसा काढला ते नैतिकता समितीला दाखवावं लागतं. दोन गटांच्या तुलनेसाठी ते उघडलं की परिणामाच्या रकान्यात ०.५ आधीच भरलेला असतो. बहुतेक जण तो तसाच ठेवतात. गाइडने विचारलंच, ‘हा आकडा कुठून आणला?’, तर उत्तर तयार असतं: कोहेन, १९८८. ही त्या पॉवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती. त्या विषयातलं कुठलंही आधीचं मोजमाप हाताशी नसेल तेव्हाच हे आकडे वापरावेत, हेही त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलं होतं.